एकशे सत्त्याऐंशीचे विभाजक

“वाघजाळ, वाघजाळ, काळकुंड बोलतोय. तुझा कालचा पाऊस एकशे त्र्याहत्तर मिलिमीटर. बरोबर ऐकलं ना? ओव्हर.”

मी माइकचं बटण दाबून म्हणालो, “बरोबर. एकशे त्र्याहत्तर. ओव्हर.”

“मग मला सांग, ह्या एकशे त्र्याहत्तरला कशानं भाग जातो का? ओव्हर.”

मला वाटलं, सेटच्या खरखरीत आपण काहीतरी भलतंच ऐकलं. “काळकुंड, पुन्हा सांगा. ओव्हर.”

“एकशे त्र्याहत्तर. एकानं जातो आणि त्याला त्यानंच जातो, ते सोडून दे. मधल्या कशानं जातो का? की मूळ संख्या आहे? घाई नाही. दुपारी दोनच्या कॉलला सांग. काळकुंड आउट.”

सेट गप्प झाला. पत्र्यावर पाऊस वाजत होता. मी माइक हातात धरून तसाच बसून राहिलो.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. धरणावर वायरलेस ऑपरेटर म्हणून पहिलीच नोकरी. जूनच्या सुरुवातीला मला वाघजाळच्या माथ्यावर सोडलं होतं, ते ऑक्टोबरात खाली न्यायला येणार होते. एक खोली, वर पत्रा, समोर तारेच्या कुंपणात पर्जन्यमापक, मागं वायरलेसचा खांब. काम सोपं होतं. मापकातलं पाणी काचेच्या नळीत ओतायचं, आकडा वाचायचा आणि सकाळी आठला खाली कंट्रोलला कळवायचा. जोराचा पाऊस असला तर दर तीन तासांनी. धरणाचे दरवाजे किती उचलायचे, ते आमच्या आकड्यांवर ठरायचं. अशी सहा ठाणी त्या डोंगरांत होती. कोणी कोणाला कधी पाहिलेलं नव्हतं. सगळे एकाच लहरीवर, त्यामुळं एकाचं बोलणं सहाही जण ऐकायचे.

धनगरवाड्यावरचा भागोजी दोन दिवसाआड दूध आणून द्यायचा. तो काही मुका नव्हता, पण बोलायचा नाही. लोटा उंबऱ्यावर ठेवायचा, आभाळाकडं बघायचा आणि जायचा. धुकं इतकं, की वीस पावलांवरचं कुंपण दिसायचं नाही. कपडे वाळायचे नाहीत, काडी पेटायची नाही. आणि सेटवर खासगी बोलायला बंदी. पाऊस, पातळी, बॅटरी, निरोप, बस. पहिल्या पंधरवड्यात माझं मन कसं झालं होतं, ते सांगत बसत नाही.

त्या दिवशी मात्र मला काम मिळालं. कागद घेऊन मी भागाकार करत सुटलो. दोननं जात नाही, आकडा विषम. तीननं नाही, आकड्यांची बेरीज अकरा. पाचनं नाही. सातनं पाच उरले. अकरा, तेरा, सतरा, एकोणीस करत करत मी ऐंशीच्या वर गेलो. दोन वाजता छाती फुगवून सांगितलं, “मूळ संख्या आहे. ओव्हर.”

“शाब्बास. कितीपर्यंत भागून बघितलंस?”

“निम्म्यापर्यंत.”

“फुकट मेहनत केलीस. तेराला थांबायचं. ओव्हर.”

“का? ओव्हर.”

“विभाजक जोडीनं येतात. चोवीसचं बघ. दोन आणि बारा, तीन आणि आठ, चार आणि सहा. जोडीतला एक मोठा असला तर दुसरा लहान असणारच. चौदाचा वर्ग एकशे शहाण्णव, तो आपल्या आकड्याच्या पुढं गेला. म्हणजे जोडी असती तर तिच्यातला धाकटा तेराच्या आतच सापडला असता. तिथं नाही, तर कुठंच नाही. कळलं? ओव्हर.”

मी कळलं म्हणायच्या आत कंट्रोलचे बाबरसाहेब मध्ये आले. धरणावर दिवसपाळीला तेच असायचे. करड्या आवाजाचा माणूस.

“काळकुंड, हे काय चाललंय? ओव्हर.”

“रीडिंग ताडून बघतोय साहेब. ओव्हर.”

थोडा वेळ नुसती खरखर. मग बाबरसाहेब म्हणाले, “ताडा. पण लवकर. आउट.”

काळकुंडवरच्या माणसाचं नाव पेढांबकर, हे मला आधीपासून माहीत होतं. बाकी काही नाही. त्या दिवसापासून आमचा रिवाज पडला. सकाळच्या पावसाचा आकडा एकानं दुसऱ्याला घालायचा, दुसऱ्यानं दुपारी उत्तर द्यायचं. नवख्यासारखा मी फसायचो. एकशे त्रेचाळीसला दोन, तीन, पाच, सात लावून बघितले आणि ‘मूळ’ म्हणून मोकळा झालो.

“अकरानं बघितलंस का?” पेढांबकर म्हणाले. “कडेचे दोन आकडे मिळव. एक आणि तीन, चार. मधलाही चार. सारखे आले की अकरानं भाग गेलाच समज. अकरा तेरे एकशे त्रेचाळीस. ओव्हर.”

मी खोलीत एकटाच कपाळावर हात मारून हसलो. वाघजाळला आल्यापासून पहिल्यांदा.

जुलैभर असं चाललं. एक्याण्णवनं मला फसवलं, एकशे एकोणीसनं फसवलं. पुढं पुढं मी दूध तापवताना, लाकडं फोडताना मनातल्या मनात सातचे पाढे शंभराच्या पुढं नेत असायचो. सकाळी आठची वाट बघायचो आणि मग दुपारी दोनची. पेढांबकर मात्र कधी चुकत नसत. माझ्या मनात त्यांचा एक चेहरा तयार झाला होता. उंच, भरदार, मोठ्या मिशा, हायस्कुलात गणित शिकवून कंटाळलेला माणूस. आवाजच तसा होता, सावकाश आणि जाड. एकदा बॅटरीविषयी बोलता बोलता म्हणाले, “आमची पोरगी पाचवीत आहे, ती पण असंच विचारते.” लगेच गप्प झाले. ते खासगी झालं होतं.

मग श्रावणातला तो दिवस आला. पाऊस आठवडाभर उघडला नव्हता. वाराही असा, की मापकाकडं जाताना तारेला धरून जावं लागे. सकाळी माझा आकडा आला एकशे सत्त्याऐंशी. मनात म्हटलं, हा चांगला आहे. दिसायला अगदी मूळ संख्येसारखा.

“काळकुंड, आजचा आकडा एकशे सत्त्याऐंशी. सांगा दोन वाजता. ओव्हर.”

“सांगतो,” पेढांबकर म्हणाले. “इथं खिडकीतनं पाणी आत येतंय. गोधड्या भिजल्या. मदतनीस बाजाराला खाली उतरलाय, तो काही उद्याशिवाय येत नाही. आधी ह्या भोकांचा बंदोबस्त करतो. आउट.”

दुपारी दोनला बाबरसाहेबांनी एकेक ठाण्याला हाक मारली. काळकुंडनं तिसऱ्या हाकेला उत्तर दिलं.

“काळकुंड. तीन तासांचा पाऊस चोपन्न. ओव्हर.”

“चोपन्न. कबूल. ओव्हर.”

“नाही. पंचेचाळीस. ओव्हर.”

“चोपन्न की पंचेचाळीस?”

जरा वेळानं आवाज आला, “चोपन्नच असेल.”

बाबरसाहेबांना घाई होती, वरून पाणी वाढत होतं. ते पुढच्या ठाण्याकडं वळले. सगळ्यांचं झाल्यावर मी माइक उचलला.

“काळकुंड, वाघजाळ बोलतोय. एकशे सत्त्याऐंशीचं काय? ओव्हर.”

“मूळ आहे.”

ओव्हरसुद्धा म्हणाले नाहीत. मला आधी आनंदच झाला. दोन महिन्यांत पहिल्यांदा पेढांबकर फसले होते! मी बटण दाबलं आणि तोंडावर आलेलं वाक्य तिथंच थांबलं. कडेचे एक आणि सात, आठ. मधला आठ. ही त्यांचीच कसोटी. ती त्यांनीच मला शिकवली होती. झोपेतून उठवलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं.

“पेढांबकर, अकरानं बघितलंत का? ओव्हर.”

“बघितलं. मूळ आहे.”

“बरं, अठ्ठेचाळीस सांगा. ओव्हर.”

“अठ्ठेचाळीस...” जीभ जड झाल्यासारखा आवाज. “अठ्ठेचाळीसला कशानं भाग जातो रे... नाही जात. मूळ.”

“तुम्हाला बरं नाही का? ताप आहे का? ओव्हर.”

“डोकं दुखतंय जरासं. झोप येतेय. उबेला बरं वाटतंय. पडतो थोडा.”

मी पुढं काही बोलणार, तोच बाबरसाहेब मध्ये आले. ते ऐकतच होते. “काळकुंड, उबेला म्हणजे? कसली ऊब? ओव्हर.”

“शेगडी... कोळसा पेटवलाय. गोधड्या वाळत घातल्यात. दारखिडक्या ताडपत्रीनं घट्ट बंद केल्या. थेंब येत नाही आता आत.”

“पेढांबकर!” बाबरसाहेबांचा आवाज मी कधी तसा ऐकला नव्हता. “दार उघडा! आत्ताच्या आत्ता! कोळशाचा धूर आहे तो, दिसत नाही पण मारतो. ऐकताय का? दार उघडा. ओव्हर.”

“हां. उघडतो.”

आम्ही थांबलो.

“काळकुंड, उघडलं का? ओव्हर.”

“उठवत नाही साहेब. पाय उचलत नाहीत. पाऊस आत येईल.”

“येऊ दे! उघडा!”

“जरा वेळानं उघडतो.”

मी सेटसमोर उभा होतो. काळकुंडच्या सगळ्यात जवळची वाडी दोन तासांच्या वाटेवर होती, आणि मधला ओढा त्या दिवसांत कोणी ओलांडत नसे. बाबरसाहेब खाली कोणाला तरी ओरडून माणसं पाठवायला सांगत होते. त्यांचं बटण दाबलेलं असल्यामुळं ते सगळं ऐकू येत होतं. त्यांनी बटण सोडलं तसं मी दाबलं. काय बोलायचं हे ठरवलेलं नव्हतं. पण जिवाची भीती घालून तो माणूस उठणार नाही, एवढं मला कळलं होतं. आणि पावसापाण्याचं, वादळाचं कसलंही निमित्त सांगून त्यानं एकही रीडिंग आजवर चुकवलं नव्हतं, हेही.

“काळकुंड, वाघजाळ बोलतोय. कंट्रोलला स्पेशल रीडिंग हवंय. दरवाजे उचलायचेत. मापकापाशी जाऊन आत्ताचं माप घ्या. ओव्हर.”

“आत्ता? दोनचं दिलं की.”

“त्यानंतरचं हवंय. खाली गावं आहेत, पेढांबकर. तुमच्या आकड्याशिवाय दरवाजे उचलता येत नाहीत. सगळी ठाणी थांबलीत.”

खरखर. मग बाबरसाहेब आले. त्यांनी क्षणभरात ओळखलं असणार. शांतपणे म्हणाले, “काळकुंड, कंट्रोल. स्पेशल रीडिंग. तातडीनं. ओव्हर.”

“घेतो साहेब,” पेढांबकर म्हणाले. “इरलं कुठंय बघतो.”

त्यानंतर सेट गप्प झाला.

बाकीच्या चार ठाण्यांपैकी कोणीही माइकला हात लावला नाही. मी कान सेटला लावून गुडघ्यांवर बसलो होतो. ते दारापर्यंत पोचले की मधेच कोसळले, हे कळायचा काही मार्ग नव्हता. मी मनातल्या मनात त्यांच्याबरोबर चाललो. कडी काढली. दार ढकललं. वारा आत आला. आता पायऱ्या. आता कुंपण. पुन्हा पहिल्यापासून. पाऊस पत्र्यावर इतका वाजत होता, की हाक आली तरी ऐकू येणार नाही अशी भीती वाटून मी आवाजाची खुंटी शेवटपर्यंत पिळली. खरखरीनं खोली भरून गेली.

“काळकुंड.”

मी ताडकन उभा राहिलो.

“काळकुंड. स्पेशल रीडिंग. बारा मिलिमीटर.” दम लागला होता. “बाहेर उलटी झाली साहेब. बराच वेळ कुंपणापाशी पडलो होतो बहुतेक. भिजलोय सगळा. ओव्हर.”

“दार उघडं आहे का? ओव्हर.”

“सताड. वाऱ्यानं शेगडीच उलथलीय. पाणीच पाणी झालंय आत.”

“होऊ द्या. विझली का बघा आणि दारातच बसा. आत जायचं नाही,” बाबरसाहेब म्हणाले. “खबाले, तू बोलत राहा त्यांच्याशी. झोपू देऊ नको. लहर तुमच्याकडं दिली.”

मी बोलत राहिलो. बोलायला माझ्याकडं दुसरं काय होतं?

“पेढांबकर, बाराचे विभाजक सांगा. ओव्हर.”

“एक... दोन. तीन. चार.” थांबले. “पाच नाही. सहा. आणि बारा. ओव्हर.”

“बरोबर. अठरा.”

अठरा झाले, तीस झाले. छत्तीसला ते अडकले, नऊ विसरले, मग त्यांना तो आठवला. आवाज हळूहळू जागेवर येत गेला. पाच वाजता बाबरसाहेबांनी नेहमीचा कॉल सुरू केला. काळकुंडची पाळी आली.

“काळकुंड. तीन तासांचा पाऊस, मधलं स्पेशल धरून, एकसष्ट. आणि एक दुरुस्ती आहे साहेब. एकशे सत्त्याऐंशी. अकरा आणि सतरा. दुपारचं उत्तर रद्द. ओव्हर.”

“दुरुस्ती कबूल,” बाबरसाहेब म्हणाले. “आउट.”

मी माइक ठेवला आणि दारात येऊन बसलो. भागोजी दूध घेऊन आला होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं, लोटा ठेवला आणि त्या दिवशी आभाळाकडं न बघता जरा वेळ माझ्याजवळ उभा राहून गेला.

दुसऱ्या दिवशी वाडीवरची माणसं काळकुंडला पोचली. पेढांबकर खाली यायला तयार झाले नाहीत. आमचे आकडे चालूच राहिले. त्या दुपारविषयी आम्ही कधी बोललो नाही. सेटवर ते बसत नव्हतं.

ऑक्टोबरात ठाणी बंद झाली. सेट आणि बॅटऱ्या जमा करायला सगळे धरणाच्या गोदामाशी आले. मी मोठ्या मिशांचा उंच माणूस शोधत होतो. कोणीतरी मागून खांद्याला हात लावला. वळलो तर माझ्या खांद्याएवढा, वाळका, चाळिशीचा माणूस. दाढीचे खुंट, रबरी चपला, हातात कापडी पिशवी.

“खबाले ना? मी पेढांबकर.”

आवाज तोच. एवढ्याशा माणसातून तो येताना बघून मला कसंसंच झालं. मी वाकून नमस्कार केला, तसे ते दोन पावलं मागं सरकले.

आम्ही एसटीच्या थांब्यावर चहा घेतला. काय बोलावं सुचेना. माइक नव्हता, ओव्हर नव्हतं. दोघंही एकमेकांचं वाक्य संपलं का, याची वाट बघत बसायचो.

“तुम्ही गणिताचे मास्तर होता का आधी?” मी शेवटी विचारलं.

ते हसले. “मी? मॅट्रिकला गणितातच दोनदा गेलो. पोरीचं जुनं पुस्तक बरोबर आणलं होतं, वेळ जायला. तेवढंच येत होतं. तुझं उत्तर यायच्या आधी मी तासन्‌तास बसायचो आकडेमोड करत.”

“मग मलाच का विचारलंत? बाकीची चार ठाणी होती.”

त्यांनी कप खाली ठेवला.

“तुला कोणी सांगितलं नाही का?”

“काय?”

“जूनमध्ये. एकशे त्र्याहत्तरच्या आदल्या संध्याकाळी तुझ्या माइकचं बटण अडकून राहिलं होतं. उशाखाली की कुठंतरी दाबलं गेलं असेल. बॅटरी संपेपर्यंत सगळं ऐकू येत होतं.”

मला आठवलं. त्या सकाळी बॅटरी उतरलेली निघाली होती, आणि मी दुसरी लावली होती. का उतरली, ते मला कधीच कळलं नव्हतं. पण त्या संध्याकाळी मी काय केलं होतं, ते मला पक्कं माहीत होतं. गोधडीत तोंड खुपसून आईला हाका मारल्या होत्या. मोठ्यानं. तिथं ऐकणारं कोणीच नव्हतं, म्हणून.

“सगळं ऐकलंत?”

“ऐकलं.”

“आणखी कोणी?”

“सहाच्या सहा... म्हणजे तू सोडून पाच. आणि कंट्रोल. त्या दिवशी बाबरसाहेब उशिरापर्यंत बसले होते.”

मला तिथून उठून जावंसं वाटलं. पेढांबकरांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. तो हात खरखरीत होता, हलका होता.

“सेटवर तुला काय म्हणणार? रडू नको म्हणालो असतो तर तू पुन्हा माइक उचलला नसतास. खासगी बोलायला बंदी. आकडे बोलले तर ते कामाचं वाटतं, एवढंच मला सुचलं.”

“आणि बाकीचे? कोणीच काही बोललं नाही.”

“त्यांचं मला नंतर कळलं. आज गोदामात हाच विषय निघाला होता, तू यायच्या आधी. हसू नको हां.” ते स्वतःच किंचित हसले. “त्या संध्याकाळी प्रत्येकानं उठून आधी आपलं बटण तपासलं. म्हणे, आपलंही रडणं असंच तर बाहेर जात नाही ना.”

चहावाल्यानं कप उचलून नेले.

चिपळूणची गाडी आली. पेढांबकर पिशवी सावरत चढले, त्यांना मागं खिडकीची जागा मिळाली. काच अर्धी वर होती, ती त्यांना खाली ओढता येईना. गाडी सुरू झाली तेव्हा ते काचेआडून काहीतरी म्हणाले. इंजिनाच्या घरघरीत मला ते ऐकू आलं नाही. मी ऐकल्यासारखी मान हलवली, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत हलवतच राहिलो.

पुढच्या पावसाळ्यात काळकुंडला दुसरा ऑपरेटर आला. पेढांबकरांची बदली झाली होती, कुठं ते बाबरसाहेबांनाही माहीत नव्हतं.